उंबराचं फूल आणि रेल्वे गेट: बेळगावात राहून सावकाश बघायला शिकण्याची रीत

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचं साधन. त्याचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढा फरकसुद्धा माझ्या टेबलावरून सुटत नाही. सुटला तर बोलणी बसतात.

काही वर्षांपूर्वी गावाकडून मामा आले होते. वडगावात आमच्या बोळाच्या तोंडावर एक मोठं झाड आहे. मामांनी विचारलं, "झाड कसलं गा हे?" मला सांगता आलं नाही. त्या झाडाखालून मी जन्मापासून जातोय. शाळेत त्याखालूनच गेलो, लग्नाची वरात त्याखालून निघाली, वडिलांना नेलं तेही त्याखालूनच. आतून आई ओरडली, "उंबर हाय की! एवढं शिकून काय उपेग रे तुझा?"

शतांश मिलिमीटर बघणाऱ्या माणसाला अख्खं झाड दिसलं नव्हतं. त्यानंतर मी जे करत आलो, त्यातलं जे टिकलं ते इथं क्रमानं लिहितोय. यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, पहाटे चारला उठावं लागत नाही. जांबोटीच्या रस्त्याला प्लॉट घेतल्याशिवाय शांतता मिळणार नाही असं वाटणारे माझे दोन मित्र आहेत. त्यांनी प्लॉट घेतला, आता दर रविवारी कुंपणाच्या कटकटीत असतात. असो.

आधी स्वतःचा लीस्ट काउंट काढा

प्रत्येक मापाची एक हद्द असते. शिंप्याच्या टेपला शतांश दिसत नाही, त्यात टेपचा दोष नाही. ती हद्द माहीत नसताना मोजायला बसणं हा मात्र मोजणाऱ्याचा दोष. म्हणून सुरुवातीला एक परीक्षा घ्या. रात्री जेवण झाल्यावर कागद-पेन घेऊन बसा आणि जागेवरून न उठता, खिडकीतून न डोकावता उत्तरं लिहा.

काल रात्री चंद्र दिसला होता का, दिसला असेल तर केवढा? समोरच्या घराचं दार कोणत्या रंगाचं आहे? आज दुपारच्या भाजीत फोडणी कशाची होती? कामावर जायच्या रस्त्यावरच्या तीन झाडांची नावं काय? तुमच्या नेहमीच्या टपरीवरचा माणूस चहा कोणत्या हातानं ओततो? सकाळी पहिला आवाज कसला ऐकला? तुमच्या कोणत्या चपलेची टाच जास्त झिजली आहे? घराच्या दारापर्यंत पायऱ्या किती? आज वारा कोणत्या बाजूनं होता? सकाळी निघताना घरातल्या माणसानं तुम्हाला शेवटचं वाक्य कोणतं म्हटलं?

दहापैकी मला तीन आले होते, आणि शेवटचं अर्थातच आलं नव्हतं. कागदावर तारीख घालून तो ठेवून द्या. तीन महिन्यांनी पुन्हा लिहायचा आहे. मधल्या काळात या दहा गोष्टी पाठ करायच्या नाहीत. तसं केलं तर ती पास व्हायची युक्ती होते, बघणं होत नाही.

थांबायची जागा नवी शोधू नका, आहे तीच धरा

"रोज पंधरा मिनिटं स्वतःसाठी काढा" असं सगळे सांगतात. घरात दोन मुलं, आई, शिफ्टची नोकरी. ही पंधरा मिनिटं काढायची कुठून? पहिल्या महिन्यात मी चार वेळा ठरवलं, चारही वेळा मोडलं. मग लक्षात आलं, की थांबणं तर माझ्या दिवसात आधीपासूनच आहे. अनगोळकडं जाताना रेल्वे गेट पडतं, ते माझ्या बापालाही चुकलं नाही. बेळगावात आपण पत्तासुद्धा पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असाच सांगतो. मिरज-लोंढा मार्ग शहराच्या पोटातून जातो, त्यामुळं हे फुकटचं थांबणं कित्येकांच्या वाट्याला येतं. तुमच्या रस्त्यावर पूल झाला असेल तर दुसरी जागा बघा: बसस्टॉप, गिरणीतली दळणाची रांग, नळाला पाणी आल्यावर टाकी भरेपर्यंतचा वेळ. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकण्याची काही कमी नाही.

गेट पडल्यावर काय करायचं, तेही ठरवून ठेवा. ऐनवेळी सुचत नाही आणि हात फोनकडं जातो.

गाडी बंद करा, अगदी चावी फिरवून. नुसत्या न्यूट्रलवर अंगातली घाई उतरत नाही. फोन खिशात नको, डिकीत टाका. मग पहिल्यांदा फक्त ऐका. जवळचा एक आवाज, लांबचा एक आणि तुम्ही स्वतः करत असलेला एक. (माझा होता हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा केल्याचा.) त्यानंतर बघा, पण एकच गोष्ट. गेटपाशी बघण्यासारखं ढीगभर असतं: फाटकाखालून सायकल काढणारी पोरं, रुळाकडंची टाकळ्याची झुडपं, पुढच्या टेम्पोच्या मागं रंगवलेली अक्षरं. त्यातलं एक उचलायचं आणि गाडी जाईपर्यंत तेच धरून ठेवायचं.

मालगाडी असेल तर मी डबे मोजतो. हसू नका. मोजताना मन मध्येच पळालं की आकडा चुकतो आणि आपण पळालो होतो हे तिथल्या तिथं कळतं. त्याहून स्वस्त परीक्षा मला अजून सापडलेली नाही. पहिल्या आठवड्यात मी विसाच्या पुढं कधी गेलोच नाही.

दोन आठवडे एवढंच करा, दुसरं काही नको.

एक झाड, एक वर्ष

आता उंबर. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

झाड निवडताना तीन गोष्टी बघा. ते रोजच्या वाटेवर हवं, खाली उभं राहता येईल असं हवं, आणि तुमच्या मालकीचं नसलेलं बरं. स्वतःच्या परसातल्या आंब्याकडं आपण मोहोर किती, फळ किती धरेल याच नजरेनं बघतो. कॅम्पातल्या रस्त्यांवर जुनी मोठी झाडं आहेत, खानापूर रस्त्याला चिंचा-जांभळी आहेत, गावात देवळापुढचा पिंपळ असतोच. घर तिसऱ्या मजल्यावर असलं तर खिडकीतून दिसणारा शेवगासुद्धा चालेल.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी उभं राहायचं. मी गुरुवार धरला, आईचाच आग्रह. उभं राहून चार गोष्टी बघायच्या: पान कसं आहे, फूल-फळ काय म्हणतंय, कोण येतंय-जातंय, आणि खाली जमिनीवर काय पडलंय. चौथी विसरू नका. झाडावरच्या पक्ष्यापेक्षा त्याची विष्ठा आणि टाकलेल्या बिया जास्त सांगतात.

पहिले तीन-चार आठवडे काही घडत नाही. प्रामाणिकपणे सांगतो, कंटाळा येतो. मी वहीत चार वेळा "तसंच आहे" लिहिलं. मशीन शॉपमध्ये कुणी "तसंच आहे" असा रिपोर्ट दिला तर मी परत पाठवतो, कारण एकसारखे दोन जॉब (मशीनवर केलेले भाग) मी आजवर बघितलेले नाहीत. मग मी स्वतःचाच रिपोर्ट परत पाठवला. नियम केला, की "तसंच" हा शब्द वहीत येणार नाही. पाचव्या आठवड्यात दिसलं, की उंबर फांदीच्या टोकाला फळत नाही. त्याच्या खोडालाच, जुन्या जाड फांद्यांनाच घोस लागतात. मग त्या घोसांतली फळं एका वेळी पिकत नाहीत हे दिसलं. मग खाली पडलेल्या लाल फळातून बाहेर पडणारी बारीक चिलटं दिसली.

फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण म्हणतो, "काय हो, उंबराचं फूल झालात!" उंबराला फूल दिसत नाही, म्हणून दुर्मीळ माणसाला ती उपमा. एका गुरुवारी मी एक हिरवं फळ कापायचं ठरवलं. आईनं हात धरला. "दत्ताचं झाड हाय, तोडायचं नाही." भांडण नको म्हणून पावसानं पडलेलं एक कच्चं फळ उचललं आणि घरी आणून ब्लेडनं मधोमध उभं कापलं. कामावरची दहापट दाखवणारी लूप, म्हणजे छोटं भिंग, डोळ्याला लावली.

फुलं आतच होती. शेकड्यांनी. पोकळीच्या भिंतीला सगळीकडून चिकटलेली, बारीक, दाटीवाटीनं, तोंडं आत केलेली. ज्याला आपण उंबराचं फळ म्हणतो तो फुलांनी भरलेला बंद गोळा असतो. टोकाला एक सुईएवढं भोक असतं, त्यातून एक इवलीशी माशी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात आणि आत ती परागकण पोचवते आणि अंडीही घालते. झाड वर्षातून बऱ्याचदा फळतं, त्यामुळं ही फुलं वर्षातला मोठा काळ आपल्या डोक्यावर टांगलेली असतात. दुर्मीळ कसली! मी आईला लूपमधून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी सगळी व्हती व्हय आत?"

तुमचं झाड उंबर नसेल तरी एक भिंग जरूर घ्या. सोनार वापरतात तसं दहापट दाखवणारं साधं भिंग पुरतं. डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि वस्तू जवळ आणत न्यायची. बरेच जण भिंग वस्तूवर धरून लांबून बघतात आणि काही दिसत नाही म्हणून ठेवून देतात.

नक्षत्राची वही

रोज डायरी लिहायची असं ठरवलं की जानेवारीच्या दहा तारखेला ती बंद पडते. आपल्याकडं शेतकऱ्यानं पावसासाठी जे माप धरलं ते फार सोयीचं आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो. २७ नक्षत्रांत वर्ष संपतं. म्हणजे वर्षाला २७ पानं. एवढं कुणालाही जमतं.

साध्या शंभर पानी वहीत एका नक्षत्राला एक पान द्या. तारखा कॅलेंडरवर असतातच, पावसाळ्याच्या ढोबळमानानं अशा: रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, आश्लेषा २-३ ऑगस्ट, मघा १६-१७ ऑगस्ट, पूर्वा ३० ऑगस्ट, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा १० ऑक्टोबर, स्वाती २४ ऑक्टोबर. जुनी माणसं पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा म्हणतात. सुरुवात पावसाळ्यात करा, कारण तेव्हा चौदा दिवसांत डोळ्यांदेखत सगळं बदलतं.

आपल्या भागात बघण्यासारखं काय, याचा थोडा अंदाज देतो. रोहिणीत वडगाव-शहापूर शिवारात, येळ्ळूरकडं धूळवाफ पेरणीची गडबड असते. कोरड्या मातीत भात पेरायचं आणि आभाळाकडं बघत बसायचं. याच दिवसांत खानापूरच्या जंगलाकडं काजवे दिसतात. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की लाल मखमलीसारखे मृगाचे किडे मातीवर येतात; चार-पाच दिवसांत गेले की वर्षभर नाहीत. पावश्या ओरडत असतो, त्याला आपण "पेरते व्हा" असं शेतकऱ्याच्या भाषेत ऐकतो. पण त्याचा आवाज पावसाच्या आधीपासूनच चालू असतो. तो नेमका कधी सुरू झाला याची तुमच्या वहीत नोंद हवी. तरण्या पावसात रोप लावणीची चिखलणी. नंतर राजहंसगडाच्या उतारावर हिरव्याच्या किती छटा येतात ते मोजा. मी सातपर्यंत मोजल्या, एका मित्रानं अकरा. तो रंगाच्या दुकानात कामाला आहे, त्याला नावंसुद्धा येतात.

पानावर काय लिहायचं? जे बघितलं ते. जे वाटलं ते शक्यतो नको. "आज फार प्रसन्न वाटलं" हे वाक्य पुढच्या वर्षी वाचलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. "मृग, तिसरा दिवस. पावसानंतर गटारीच्या कडेला गांडुळं, तेरा. साळुंख्या दोन" हे वाचलं की तो सगळा दिवस उभा राहतो. फोटो काढू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी लिहा, मग काढा. मी पहिल्या महिन्यात उलटं केलं. फोनमध्ये उंबराचे दोनशे फोटो जमले आणि वहीत चार ओळी.

हातानं सावकाश करायचं एक काम: घरचा कुंदा

बेळगावकरांना कुंदा म्हणजे पाहुण्यांना द्यायचा डबा. विकत आणायचा आणि गाडीत चढवायचा. महिन्यातून एका रविवारी तो घरी करून बघा. चवीसाठी नको, बाजारातली चव येणारही नाही. हलवायाचं गुपित हलवायापाशी. हा पदार्थ घाईनं होतच नाही, म्हणून मी तो निवडला.

एक लिटर म्हशीचं दूध, दोन चमचे आंबट नसलेलं दही, १५० ग्रॅम साखर, चार वेलच्या. जाड बुडाची पसरट कढई घ्या. दूध मध्यम आचेवर ठेवा आणि उलथन्यानं बूड खरवडत ढवळत राहा. दुधात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. तुम्ही जे करताय ते म्हणजे ते पाणी घालवणं, त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

या वेळात तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली आवाज: सुरुवातीला खळखळ, निम्मं आटल्यावर बुडबुड, शेवटी जाड थप्प-थप्प. दुसरी कडेची साय: प्रत्येक फेरीला ती खरवडून आत ढकलायची, तीच पुढं रवाळपणा देते. तिसरी उलथन्याचा हाताला लागणारा जोर. दूध निम्म्यावर आलं की दही घाला. ते हळूच फुटून कणीदार होतं. दुसऱ्या लहान भांड्यात पन्नास ग्रॅम साखर पाण्याशिवाय वितळवून तांबूस करा आणि जपून दुधात ओता. जोरात उसळतं, म्हणून मुलांना बाजूला ठेवा. उरलेली साखर घाला. साखर पडली की मिश्रण परत पातळ होतं. इथं नवखा माणूस घाबरून आच वाढवतो आणि बूड लागतं. मी तीनदा करपवला, तिन्ही वेळा कारण तेच: "एकच मिनिट" म्हणून फोन घेतला. मिश्रण कढईची कड सोडायला लागलं की वेलची घालून उतरवा. सव्वा तास लागतो आणि हाती दोन लहान वाट्या येतो.

पहिला घास खाताना कुणी बोलायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे. धाकटी तो पाळत नाही.

कान

वडगावात यंत्रमाग आहेत. दिवसभर खटक-खट चालू असतं आणि आम्हाला ते ऐकू येत नाही. वीज गेली की माग थांबतात आणि सगळा बोळ एकदम वर बघतो, जणू कुणी हाक मारली. तुमच्याही घरात असा एक आवाज असेल जो थांबल्यावरच कळतो: फ्रिज, पंखा, शेजारचा रेडिओ. तो ओळखा, म्हणजे चालू असताना ऐकू येतो का बघा. दिवसाला दोन मिनिटं पुरेत.

कानाचा दुसरा सराव आपल्या सीमाभागालाच शक्य आहे. बाजारात एकच माणूस एका वाक्यात दोन भाषा बोलतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. गणपत गल्लीत भाजी घेताना बाई मराठीत भाव सांगते, मागं वळून पोराला कन्नडात ओरडते आणि हिशेब कुठल्यातरी तिसऱ्याच मिश्रणात करते. पुढच्या वेळी नेमकं ऐका, ती भाषा कुठल्या शब्दावर बदलते. आपलं तूप त्यांचं तुप्प आहे, अक्का आणि अण्णा दोन्हीकडं आहेत.

त्याच्याच जोडीला आठवड्याला एक कन्नड अक्षर शिका. माझ्या पिढीतले कितीतरी मराठी लोक कन्नड फाडफाड बोलतात, पण पाटी वाचता येत नाही. वरच्या आकड्यावरून आणि कंडक्टरच्या ओरडण्यावरून बस ओळखतात. काहींना यात माघार वाटते, मला वाटत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट न वाचता सोडून देण्यात मला शहाणपण दिसत नाही. सुरुवात "बेळगावी" या नावापासून करा; १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव तेच असल्यानं ते दुकानादुकानावर आहे आणि कन्नडातही चारच अक्षरांत मावतं. पहिल्या अक्षरातला "ए" आखूड आहे. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन "ए" असतात, मराठी लिपीत त्यासाठी वेगळी खूणच नाही. हा फरक कानानं पकडायला मला महिना लागला. दुसरं अक्षर ळ, ते आपल्या दोघांचंही.

महिन्यातून एकदा, एक छत

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात जा. रट्ट राजघराण्याच्या काळातली, १२०४ मधली. बहुतेक लोक दहा मिनिटांत बघून बाहेर येतात. तुम्ही मंडपातल्या छतावरच्या दगडी कमळाखाली अर्धा तास थांबा. मान दुखेल, मध्येमध्ये खांबांकडं बघा. कमळाच्या पाकळ्या मोजा. आकडा मी सांगत नाही, आणि तिथं कुणाला विचारू नका, कुणीतरी सांगून टाकतं.

गरम जॉब मोजायचा नाही

आमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब मोजत नाहीत. धातू गरम असला की फुगलेला असतो. मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान धरतात. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब त्याहून तीस अंश गरम असेल तर तो तीन शतांशापेक्षा जास्त मोठा भरतो. माप बरोबर, मापणारा बरोबर, तरी आकडा खोटा.

माणसाचंही तेच. भांडण करून आलात, पगार अडकला आहे, पोरगं तापानं फणफणलंय, अशा दिवशी झाडाखाली जाऊन उभं राहू नका. झाडाकडं बघताना सगळं भांडणच दिसेल आणि वर "आपल्याला हेही जमत नाही" याची भर पडेल. त्या दिवशी भांडी घासा, कपाट लावा, चालत बाजारात जा. जॉब आपोआप थंड होतो, फुंकर मारावी लागत नाही. वहीतलं पान कोरं राहिलं तरी चालतं. माझ्या पहिल्या वहीत मघा कोरं आहे, त्या पंधरवड्यात आम्ही दवाखान्यात होतो.

ते का, हेही सांगायला हवं, कारण लक्ष द्यायला लागलं की फक्त फुलं आणि पक्षीच दिसतात असं नाही. आश्लेषात एका सकाळी आई चहा ओतत होती. मी टपरीवाल्याच्या हाताचा प्रश्न डोक्यात ठेवून सहज तिच्या हाताकडं बघितलं. किटलीची चोच कपाच्या काठावर टकटक वाजत होती. आवाज बारीक होता, मायक्रोमीटरच्या रॅचेटसारखा. "कधीपासनं थरथरतंय गं हे?" तर म्हणाली, "संक्रांतीपासनं. तुला आत्ता दिसाल्यं व्हय?" सहा-सात महिने रोज सकाळी तो आवाज माझ्यासमोर होत होता. डॉक्टरांकडं गेलो, तपासण्या झाल्या, गोळ्या चालू आहेत. आता किटली मी धरतो, आणि तिला ते अजिबात आवडत नाही.

त्यामुळं घरातल्या माणसांवर हे प्रयोग सुरू करण्याआधी थोडी तयारी ठेवा. आणि त्यांना सांगून करू नका. मी बायकोला सांगितलं होतं, "आजपासून मी तुझं नीट ऐकणार आहे." ती आठवडाभर माझ्याकडं संशयानं बघत होती.

तीन महिन्यांनी

तो पहिला कागद काढायचा आणि नवा लिहायचा. मला दहापैकी सात आले. वारा आणि चपलेची टाच अजून चुकते. आकडा वाढला नाही तर एखादी गोष्ट कमी करा: झाड ठेवा, गेट ठेवा, बाकी सोडा. दोन्ही एकदम जमत नसेल तर झाड सोडून गेट ठेवा. सगळं एकदम सुरू केलेला एकही माणूस मला महिन्यापुढं गेलेला माहीत नाही, आणि त्यातले दोघे तेच, प्लॉटवाले.

या पंधरवड्याचं माझं पान इथं तसंच उतरवतो, नमुना म्हणून:

चित्रा, चौथा दिवस. येळ्ळूर रस्त्याला भाताच्या लोंब्या वाकायला लागल्या, वरच्या शेतात जास्त. उंबराखाली फळं कमी, वटवाघळांनी अर्धी खाल्लेली तीन. पहाटे दव, स्कूटरच्या सीटवर बोट फिरवलं तर रेघ उठली. माग साडेसहाला सुरू. नवीन अक्षर: ह. आईनं आज हट्टानं चहा स्वतः ओतला, बशीत थोडा. गेट ८ वाजून १० मिनिटांनी पडलं, लोंढ्याकडं जाणारी मालगाडी. ५८ डबे, की ५७. डिकीत फोन वाजला.